माजघर दीड इंच वाकडं आहे

कौल उलटं केलं की पाठीवर अक्षरं दिसतात. राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत, एप्रिलच्या उन्हात, खळ्यात उकिडवं बसून ती एकेक कौल नारळाच्या सोडणाने घासत होती. शेवाळाचा काळा थर निघाला की खालचा तांबडा रंग उजळायचा आणि इंग्रजी अक्षरांची ओळ वर यायची: बासेल मिशनच्या कारखान्याचं नाव आणि 1865 हे साल. पहिलं कौल स्वच्छ झालं तेव्हा तिने हाक मारली, "अहो, खाली या, हे बघा!" तो शिडीवरून उतरला. पणजोबांच्या हाताने चढलेलं कौल दोघांनी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं.

साल कौलाचं नव्हतं, कारखान्याचं होतं. गेओर्ग प्लेब्स्ट या जर्मन मिशनऱ्याने 1865 मध्ये मंगलोरला हा कारखाना काढला आणि नेत्रावतीच्या काठची माती साच्यात दाबून, खाचेत खाच बसणारी सपाट कौलं भाजायला सुरुवात केली. तोवर कोकणातली घरं गवताने नाहीतर कुंभाराच्या चाकावरून उतरलेल्या नळ्यांनी शाकारलेली असत. नळे वाऱ्याने सरकत, माकडांनी विस्कटत. मंगलोरी कौल एकमेकांत अडकून बसतं, म्हणून तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या पट्ट्याने ते लगेच आपलंसं केलं. एका कौलाचं वजन सव्वादोन-अडीच किलो, चौरस मीटरला पंधराएक कौलं लागतात. या घराच्या एकट्या पुढच्या पाखावर साडेसहाशेच्या वर निघाली. ती सगळी दोघांनी हाताने उतरवली आणि हातानेच पुन्हा चढवली.

दोघं डोंबिवलीचे. तो एका कंपनीच्या हिशेब खात्यात, ती बावीस वर्षं घरीच ब्लाउज शिवणारी. गावचं घर आठ वर्षं बंद होतं. दोन ठेकेदारांना विचारून झालं होतं. दोघांनीही एकच सांगितलं: छप्पर उतरवा, लोखंडी सांगाडा उभा करा, वर पत्रा टाका, पंधरा दिवसांत मोकळे. पत्र्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. वानरांचा उपद्रव आणि माणसांचा तुटवडा यांनी वाडीतली निम्मी घरं पत्र्याखाली गेली आहेत, आणि त्यांच्या मालकांनी नाइलाजानेच तसं केलेलं आहे. पण तिला मेमधल्या दुपारी पत्र्याखाली बसल्याची आठवण होती. तिने एवढंच म्हटलं, "कौलं आहेत. हात आहेत. रजा किती शिल्लक आहे तुमची?"

रजा बेचाळीस दिवसांची निघाली.

डिसेंबरात चार दिवस, शिमग्याला चार दिवस आणि मग एप्रिल-मे सलग, असा बेत ठरला. हत्यारं दिवा-सावंतवाडी गाडीने गेली: हातोडे, छिन्न्या, थाप्या, ओळंबा, गुण्या, करवत, एक ड्रिल. त्याने वही घातली. पहिल्या पानावर घराचा नकाशा, प्रत्येक भिंत मिलिमीटरमध्ये. तिने त्याच भिंती तिच्या पिवळ्या शिवणटेपने इंचात मोजल्या आणि जिथे टेप पोचत नव्हता तिथे वितीने. संध्याकाळी दोन्ही मापं जुळवायला बसले तर एकही जुळेना. चूक कोणाचीच नव्हती. भिंत वर एक मापाची होती आणि खाली दुसऱ्या. त्याने तळाशी मोजलं होतं, तिने छातीच्या उंचीवर.

खरं काम भिंतींपासून सुरू झालं. घर जांभ्याचं, हाताने तासलेल्या चिऱ्यांचं. हा दगड मोठा विलक्षण आहे. खाणीत असताना ओला आणि मऊ, लोखंडी हत्याराने सहज कापला जातो. वारा-ऊन लागलं की घट्ट होत जातो. केरळात अंगडिपुरमला लोक तो असा कापताना पाहून फ्रान्सिस बुकानन यांनी 1807 मध्ये त्याला 'लॅटराइट' नाव दिलं, लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. पण जांभा घट्ट झाला तरी सच्छिद्रच राहतो. जमिनीतली ओल तो वर ओढतो आणि मोकळा असेल तर हवेत सोडूनही देतो. पंधरा वर्षांपूर्वी याच घराला आतून सिमेंटचा गिलावा झाला होता. त्याच्या वडिलांनी हौसेने करून घेतला, त्या काळी सगळेच करत. सिमेंटने भिंतीची ही सोडायची वाट बंद केली. ओल आतच कोंडली आणि माजघराच्या भिंतींवर कमरेइतक्या उंचीपर्यंत पांढरी खारट भुकटी फुलली. पुट्टी आणि रंग यांनी ती दोनदा झाकली गेली होती, दोन्हीदा पुन्हा वर आली होती.

तेव्हा सिमेंट काढायचं ठरलं. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात सिमेंट चिऱ्यापेक्षा कठीण असतं, म्हणून छिन्नी सरळ मारली की गिलाव्याबरोबर चिऱ्याचा दर्शनी भागही ढलपीसारखा निघून येतो. पहिल्या दिवशी त्याने अशा हाताएवढ्या तीन खोका पाडल्या. हात थांबवून तो भिंतीकडे बघत बसला. तिने मग हातोडीच्या दांड्याने भिंत ठोकून पाहायला सुरुवात केली. काही ठिकाणी बद्द आवाज, काही ठिकाणी पोकळ. जिथे पोकळ, तिथे गिलावा भिंतीपासून आधीच सुटलेला. तिने खडूने त्या जागांना वळसे घातले, कापडावर घालतात तसे. तिथून सुरुवात करायची, छिन्नी आडवी धरायची आणि कड उचलत जायचं. शिवण उसवताना धागा मध्येच ओढत नाहीत, एक टाका सोडून पुढचा धरतात, असं ती म्हणाली. सहा दिवसांत माजघराच्या चारही भिंती मोकळ्या झाल्या. तोंडाला फडकी बांधूनसुद्धा रात्री थुंकी करडी येत होती. पुढच्या खोलीला दोघांनी नीट मास्क आणले. ते पहिल्याच दिवशी आणायला हवे होते.

सिमेंटच्या जागी चुना. त्याची तयारी डिसेंबरातच झाली होती. कोकणात पूर्वी समुद्राच्या शिंपल्या भाजून चुना करत. आता कळीचा चुना गोणीत मिळतो. अर्ध्या कापलेल्या लोखंडी पिंपात आधी पाणी घ्यायचं आणि त्यात चुन्याच्या कळ्या थोड्या थोड्या सोडायच्या. उलटं करायचं नाही, कारण कळ्यांवर थोडंसं पाणी पडलं की त्या फुटून उडतात. पहिली पाटी पाण्यात गेली आणि काही क्षण काहीच झालं नाही. मग तळातून एक बुडबुडा आला, दुसरा आला, आणि बघता बघता पिंपातलं पाणी आधणासारखं खदखदू लागलं. खाली जाळ नाही, लाकूड नाही. दोघं डोळ्यांना चष्मे आणि हातांना रबरी मोजे चढवून दूर उभे होते. वाफेला ओल्या दगडाचा वास होता. ती लांब बांबूने ढवळत राहिली, तो पाण्याची धार सोडत राहिला. शांत झाल्यावर वर चार बोटं पाणी ठेवून पिंप झाकलं आणि दोघं डोंबिवलीला परतले. एप्रिलमध्ये झाकण काढलं तेव्हा खाली लोण्यासारखा, थापीला चिकटून राहणारा पांढराशुभ्र चुना तयार होता.

जुने गवंडी त्यात गुळाचं पाणी घालत, हिरड्याचं पाणी घालत. पण प्रमाण कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं. म्हणून मागल्या भिंतीवर त्यांनी हातभर रुंदीचे तीन चौकोन लावून पाहिले: एक नुसत्या चुन्याचा आणि वाळूचा, एक हिरड्याचा, एक गुळाचा. चुना एक घमेलं तर वाळू तीन. गुळाच्या चौकोनावर दुसऱ्याच दिवशी मुंग्यांची रांग लागली, म्हणजे गूळ जास्त झाला होता. हिरड्याचा चौकोन सर्वांत कमी तडकला, तोच घेतला.

चुन्याच्या कामात घाई चालत नाही, ही त्याला सर्वांत जड गेलेली गोष्ट. सिमेंट पाण्याने आवळतं, एका रात्रीत हाताला लागतं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून पुन्हा चुनखडी होतो. भट्टीत नऊशे अंशांच्या आसपास तापून जे सोडलं, तेच तो परत घेत असतो. त्याला दिवस लागतात, आणि तेवढे दिवस भिंत ओलसर ठेवावी लागते. एप्रिलच्या उन्हात ती सुकून तडकू नये म्हणून दोघांनी खिडक्या-दारांत ओली गोणपाटं टांगली आणि दर दोन तासांनी भिंतीवर पाणी शिंपडलं. वहीत त्याची पाळी लिहिलेली आहे: सहा, आठ, दहा, बारा. विषम दिवशी तो, सम दिवशी ती.

वाशांवरून मात्र त्यांचं बिनसलं. त्याने खालून नजरेने पाहून सहा वासे बदलायचे ठरवले होते, खर्चही तसाच मांडला होता. ती शिडीवर चढली आणि गोणी शिवायचं दाभण घेऊन एकेक वासा टोचत गेली. चांगल्या ऐनाच्या वाशात दाभणाचं टोक रुततसुद्धा नाही. पाच वासे असे निघाले की वरून अखंड, रंगही शाबूत, आणि दाभण मुठीपर्यंत आत. आतून भुंग्याने नुसतं पीठ केलेलं. तिने अकरा सांगितले, तो सहाच्या पुढे जाईना. पैशाचा प्रश्न होता, आणि नुसता पैशाचाही नव्हता. हिशेब हे त्याचं क्षेत्र होतं आणि तिथे तो चुकला होता. तो एक दिवस दोघं जेवायला वाढण्यापुरतंच बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दाभण मागून घेतलं, स्वतः अकराही वासे टोचले आणि वहीत सहाचे अकरा केले. खाडाखोड न करता, खाली तारीख घालून. ही वही मी पाहिली आहे. त्या पानावर दाभणाचंही भोक आहे.

नवे वासे त्यांनी स्वतः घातले नाहीत. आढ्याला हात लावणं हे दोन शिकाऊ माणसांचं काम नव्हे. शेजारच्या वाडीतले सत्तरी उलटलेले सुतारकाका आले, बरोबर त्यांचा पुतण्या, आणि चार दिवसांत अकरा वासे बसले. दोघांनी त्यांच्या हाताखाली लाकूड धरलं, रंधा मारला. विजेच्या वायरिंगचंही तसंच, परवानाधारक वायरमनच बोलावला. स्वतः करायच्या हौसेत माणसं नेमकी इथे चूक करतात. भिंतीचा गिलावा फसला तर पुन्हा लावता येतो. छताचं लाकूड आणि वीज यांना दुसरी संधी नसते.

वाळवीसाठी वाशांना काजूच्या टरफलाचं तेल दिलं. काळं, दाट, कातडी जाळणारं. शेजारच्या आजींनी बजावलं होतं की आधी कोपरापर्यंत खोबरेल चोळा. मोजे घातल्यावर खोबरेलाची गरज नाही असं त्याला वाटलं, आणि मोजा नि बाही यांच्यामधल्या दोन बोटं उघड्या कातडीवर फोड उठले. ते भरून यायला पंधरा दिवस लागले, डाग अजून आहे.

कौलं चढवायला ती वर गेली. तिचं वजन अठ्ठेचाळीस किलो, त्याचं सत्त्याहत्तर. ठरवायला एवढं पुरेसं होतं. वाडीला मात्र ते नवीन होतं. बाईमाणूस छपरावर, तेही घरची सून. दोन-तीन जण रस्त्यात थांबून बघून गेले. आजी पडवीत येऊन उभ्या राहिल्या आणि वर बघून म्हणाल्या, "अगो सूनबाई, रिपेवर पाय दे. कौलाच्या पोटावर देव नको." यात सगळं आलं. रिपेवर जिथे एक कौल दुसऱ्यावर टेकतं तिथे भार पेलला जातो, मधोमध पाय पडला की कौल फुटतं. तो शिडीवरून चार-चार कौलं वर द्यायचा, ती वळचणीकडून आढ्याकडे ओळ लावत जायची. स्वयंपाकघरावर तिने एक काचेचं कौल घातलं. सकाळी नऊच्या सुमाराला आता चुलीशेजारी उजेडाचा एक चौकोन पडतो.

आणि मग नळीचा दिवस.

माजघरातला जुना कोबा फुटला होता, तिथे शहाबादी फरशी घालायची होती. त्यासाठी चारही भिंतींवर एका पातळीची रेघ हवी. याचं गवंड्यांचं साधन म्हणजे पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. एक टोक एका कोपऱ्यात, दुसरं दुसऱ्या कोपऱ्यात, दोन्हींतलं पाणी आपोआप एका उंचीवर येतं. यात चुकायला जागा नाही असं वाटतं, पण आहे. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला की माप खोटं. एकाने तोंडावरचा अंगठा काढला आणि दुसऱ्याने नाही काढला, तरी खोटं. आणि मुख्य म्हणजे एकट्या माणसाला हे सहज जमत नाही. मध्ये खांब होता, दोघं एकमेकांना दिसत नव्हते. पहिला तासभर नुसता गोंधळ झाला. तो म्हणायचा "थांबलं," तेव्हा तिच्याकडचं पाणी अजून हलत असायचं. ती म्हणायची "खूण करू?" आणि तो तोवर नळी हलवून मोकळा. शेवटी त्यांनी एक रीत बसवली. ती म्हणेल "सोडलं," तो म्हणेल "सोडलं," मग दोघांनी मनात दहा मोजायचे, मग ती म्हणेल "स्थिर," तो म्हणेल "स्थिर," आणि तेव्हाच पेन्सिल टेकवायची. खांबाच्या दोन बाजूंनी दिवसभर हेच शब्द ऐकू येत होते. आजींनी संध्याकाळी विचारलं, "कसली पूजा घातलेली?"

रेघ पुरी झाली तेव्हा कळलं की उत्तरेचा कोपरा दीड इंचाने खाली आहे. जमीनच नव्हे, चिऱ्यांचे थरही त्या बाजूला उतरत गेलेले. घर शंभरेक वर्षांत तेवढं बसलं होतं. त्याचा पहिला विचार कोपरा भरून घ्यायचा, फरशी अगदी सपाट करायची. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली की बावीस वर्षांत तिने दोन सारखे खांदे पाहिलेले नाहीत. एक नेहमी अर्धा इंच उतरलेला असतो. दोन्ही बाजू सारख्या कापल्या तर ब्लाउज कागदावर बरोबर आणि अंगावर वाकडा बसतो. म्हणून खाली उतरलेल्या बाजूला कापड तसंच उतरतं द्यायचं, बघणाऱ्याला सरळ दिसतं. फरशी सपाट केली तर भिंतीच्या तळाशी चिऱ्यांचा तिरका थर लागून राहील आणि वाकडेपणा उठून दिसेल. त्यापेक्षा फरशीही त्याच उताराने घालायची. मागचं दार त्याच कोपऱ्यात आहे, धुतलं तर पाणी आपोआप तिकडून बाहेर जाईल.

त्याने नकाशावर चार कोपऱ्यांच्या चार उंच्या लिहिल्या. फरशी तशीच पडली.

त्या फरशीखाली सुरखी आहे. फुटलेली कौलं फेकायची नाहीत हे आधीच ठरलं होतं. लॉरी बेकर यांनी तिरुवनंतपुरमच्या आसपास बांधलेल्या घरांत टाकाऊ मंगलोरी कौलं स्लॅबच्या पोटात घालून सिमेंट वाचवलं होतं, ते त्याने एका पुस्तकात पाहिलं होतं. इथे स्लॅब नव्हता, पण भाजलेल्या मातीची बारीक पूड चुन्यात मिसळली की चुना ओलीतही आवळतो, हे जुन्या बांधकामांत सगळीकडे सापडतं. तेव्हा शंभरेक फुटकी कौलं मागल्या दारी मुसळाने कुटली, चाळली, आणि ती लाल पूड चुन्याबरोबर फरशीखालच्या थरात गेली.

फरशीच्या आधीची एक रात्र राहिली सांगायची. मेच्या दुसऱ्या आठवड्यात, मागच्या पाखाची कौलं अजून खळ्यात असताना, वळीव आला. आगोटीची कामं करणाऱ्या प्रत्येकाला त्याची धास्ती असते, त्यांनाही होती, ताडपत्रीही आणून ठेवली होती. पण रात्री अकराला वारा सुटला तेव्हा ताडपत्रीची एक दोरी तुटली आणि ती पालासारखी फडफडायला लागली. नव्या ओल्या गिलाव्यावर धार पडली तर महिन्याचं काम धुऊन जाणार. दोघं आतून माळ्यावर चढले, तिने एक टोक धरलं, त्याने दुसरं, आणि पाऊण तास तसेच धरून बसले. विजा चमकत तेव्हा एकमेकांची तोंडं दिसत. मग अंधार. तो मध्येच "धरलंय?" असं विचारायचा. ती "धरलंय" म्हणायची. पाऊस गेल्यावर उतरून त्यांनी बॅटरीने भिंती पाहिल्या. एका कोपऱ्यात हातभर ओघळ आला होता. तो सकाळी पुन्हा लावला.

मिरगाच्या चार दिवस आधी घर बंद करून निघायचं होतं, पण गाडीचं तिकीट मुद्दाम पुढचं काढलं. पहिला खरा पाऊस बघूनच जायचं, असं ठरलेलं. तो जूनच्या नऊ तारखेला रात्री आला. दोघं माजघरात दिवे मालवून बसले, कारण गळती उजेडात दिसत नाही, ऐकू येते. तासाभराने खांबाजवळ टप् असा आवाज झाला. तिने हात पुढे करून थेंब तळव्यावर घेतला, बरोबर त्या जागी फरशीवर खडूने फुली मारली. त्याने पातेलं ठेवलं आणि बॅटरीच्या उजेडात वहीत नोंद केली. सकाळी ती वर जाऊन त्या जागचं तडकलेलं कौल काढून आली, दुसरं घातलं. नोंदीत मिलिमीटर नाहीत. लिहिलंय: माजघर, मधला खांब, मागच्या दाराकडे दोन वीत.